ऑपरेटरच्या केबिनमधून : मनाला आधार देणारे सिनेमे

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहून गेलो होतो. चौतीस वर्षं पुण्यातल्या थिएटरांत ऑपरेटर म्हणून काढली, पण माणसं जितकी अंधारात शांत झालेली पाहिली तितकी देवळातही पाहिली नाहीत. त्यावर या महिन्यात टपालानं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळ पत्रं आली. मागणं बहुतेकांचं एकच : अध्यात्माकडे नेणारे, मनाला उभारी देणारे सिनेमे सुचवा. मागणं एक असलं तरी माणसं वेगवेगळी आहेत. एकाला जो सिनेमा लागू पडेल तो दुसऱ्याला त्या दिवशी सोसणारही नाही. म्हणून सरसकट यादी देत नाही. सात पत्रं घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझे यजमान जाऊन आठ महिने झाले. मी बँकेतून निवृत्त झाले आहे. मैत्रिणी म्हणतात, पौराणिक मालिका लाव, मन रमेल. लावते, पण त्यातला झगमगाट आणि ते संगीत यांनी छाती धडधडायला लागते. देवावर राग नाही असं म्हणणार नाही, आहे. अशा मनःस्थितीत बघता येईल असा एखादा सिनेमा आहे का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, देवावर राग आहे हे आपल्याकडच्या बायका सहसा लिहीत नाहीत, बोलत तर मुळीच नाहीत. तुम्ही लिहिलंत, म्हणूनच मी न बिचकता सांगतो : 'संत तुकाराम' बघा. १९३६ सालचा, प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. तुमच्या घरापासून फार लांब नाही घडलेला. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिनं जो स्टुडिओ बांधला, तिथंच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभात रोडला ते नाव मिळालं ते या कंपनीमुळेच.

तुम्ही म्हणाल, हा तर लहानपणी दूरदर्शनवर पाहिलाय. पाहिला असणार. पण तेव्हा तुकोबांकडे पाहिलं असेल. आता जिजाईकडे बघा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा म्हणजे नुसतं लोणी आहे, त्यांच्या चेहऱ्यावर कुठं गाठ म्हणून दिसत नाही. जिजाईच्या अंगावर मात्र सगळा संसार आहे. गौरी नावाच्या नटीनं ती केलीय. मुलगा आजारी, घरात दाणा नाही, नवरा नामस्मरणात, तेव्हा ही बाई पायातली वहाण हातात घेते आणि तरातरा देवळात जाऊन विठ्ठलाला जाब विचारते. सिनेमा तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही, तिला हसतही नाही. तिचा राग हीसुद्धा त्या घरातली एक पूजाच आहे, असं ज्यांनी हा सिनेमा केला त्यांना वाटत असलं पाहिजे. नाहीतर तो प्रसंग इतक्या मायेनं घेतला गेला नसता.

शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानात बसून वैकुंठाला जातात. जिजाई खाली राहते. सगळं थिएटर वर बघत असायचं, मी केबिनच्या चौकटीतून तिच्याकडे बघायचो.

एक आठवण सांगतो. १९८० च्या आसपासचा आषाढ. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आमच्या थिएटरनं सकाळी नऊचा जादा खेळ लावला होता. वारकरी आले ते दाराशी वहाणा काढूनच आत शिरले. डोअरकीपरनं त्या सगळ्या जिन्याखाली ओळीनं मांडून ठेवल्या. प्रिंट फार चाललेली होती, कडेची भोकं फाटलेली, जागोजाग जोड. शेवटच्या रिळात विमान वर निघालं आणि फिल्म तुटली. पडदा काळा.

एरवी अशा वेळी शिट्ट्या, बाकं वाजवणं, ऑपरेटरच्या नावानं आरडाओरडा. त्या दिवशी क्षणभर काहीच नाही. मग पुढच्या रांगांतून कुणीतरी विठ्ठलनाम सुरू केलं आणि बघता बघता सगळं थिएटर म्हणायला लागलं. काहींजवळ टाळ होते, तेही वाजू लागले. मी फिल्मचं टोक खरवडतोय, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावतोय, जोड दाबून धरतोय आणि हात थरथरताहेत. जोड सुकला, मशीन सुरू केलं, पडद्यावर तुकोबा परत आले तरी खालचं नाम थांबलं नाही. पडद्यावरचा आवाज आणि लोकांचा आवाज जुळत नव्हता. मी आवाज वाढवला नाही. राहू दिलं.

खेळ सुटल्यावर एक म्हातारी केबिनचा अरुंद जिना चढून वर आली. मला वाटलं, तक्रार करणार. ती म्हणाली, "तुटलं ते बरं झालं बाबा. तेवढाच वेळ जास्त राहिले तुकोबा." एवढं बोलून गेली.

ताई, दुपारी बघा, घरात कुणी नसताना. यूट्यूबवर सापडतो. दोन तासांहून थोडा जास्त आहे, पण गाणी पुढे ढकलू नका. मधे राग आला तर येऊ द्या, जिजाई सोबत आहे. दुसरं नाव मी तुम्हाला आत्ता सांगत नाही. महिन्यानं वाटलं तर पुन्हा लिहा.

प्रश्न : आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही भावंडांनी तिला आवडणारा 'आधी बीज एकले' हा तुकाराममहाराजांचा अभंग म्हटला. एक नातेवाईक तिथंच म्हणाले की हा अभंग तुकोबांचा नाहीच. मन खट्टू झालं. खरं काय? — कसबा पेठ

उत्तर : नातेवाईक म्हणाले ते खरं आहे, फक्त त्यांनी वेळ चुकीची निवडली. ही रचना शांताराम आठवले यांची, याच 'संत तुकाराम'साठी लिहिलेली. त्या सिनेमाचं संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांच्या बोलीशी ती इतकी एकजीव झाली की लाखो माणसांनी ती त्यांचीच मानली. आईला ती आवडत होती आणि तुम्ही ती तिच्यासाठी म्हटलीत, त्यात काही चुकलं नाही. पुढच्या वर्षीही म्हणा.

प्रश्न : काका, मी २६ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. माझा देवावर विश्वास नाही. पण गेले वर्षभर रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडतो, की हे सगळं कशासाठी? आजी म्हणते, हे अध्यात्माचंच लक्षण आहे. देव नसलेला पण असा प्रश्न असलेला सिनेमा असतो का? — बाणेर

उत्तर : काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. तुझी आजी बरोबर बोलते आहे. तो खड्डा बुजवायची घाई करू नकोस.

अकिरा कुरोसावाचा 'इकिरू' बघ. १९५२ चा जपानी सिनेमा. नावाचा अर्थ 'जगणं'. वातानाबे नावाचा नगरपालिकेतला एक विभागप्रमुख, जवळजवळ तीस वर्षं एकाच टेबलाशी कागदांवर शिक्के मारत बसलेला. त्याला पोटाचा कॅन्सर निघतो. डॉक्टर खरं सांगत नाहीत, तरी त्याला कळतं. आधी तो पैसे उडवून बघतो. दारू, नाच, रात्रभर भटकणं. जमत नाही. मग ऑफिस सोडून खेळण्यांच्या कारखान्यात लागलेल्या एका हसऱ्या मुलीच्या मागे लागतो, की बाई, तू इतकी जिवंत कशी? ती बिचारी गोंधळते. तिच्याजवळ उत्तर नाही. ती टेबलावर चावीचा ससा ठेवते आणि म्हणते, मी हे बनवते, आणि बनवताना वाटतं की जपानमधल्या सगळ्या लेकरांशी आपली मैत्री झाली.

आता इथं नीट बघ. हॉटेलात पलीकडे कुणा मुलीचा वाढदिवस चाललाय. म्हाताऱ्याला काहीतरी सुचतं. तो ससा हातात घट्ट धरून जिना उतरतो, त्याच वेळी ती वाढदिवसाची मुलगी जिना चढून येतेय आणि वरून तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी गाणं म्हणताहेत. गाणं तिच्यासाठी आहे. पण जिन्यावर जन्माला येतोय तो हा माणूस. कुरोसावा हे तोंडानं सांगत नाही. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेन, दर वेळी अंगावर काटा येतो.

पुढे तो काय करतो? वस्तीतल्या बायका घाण पाण्याचं डबकं बुजवून तिथं मुलांसाठी बाग करा असा अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतात. सिनेमाच्या सुरुवातीला त्यानंच त्यांना दुसऱ्या खात्याकडे पाठवलेलं असतं. आता तो स्वतः तो कागद घेऊन फिरतो. अपमान गिळतो, धमक्या ऐकतो, पण हटत नाही. बाग होते. सिनेमाचा शेवटचा मोठा भाग तो गेल्यानंतरचा आहे. साहेब आणि कारकून त्याच्या फोटोसमोर बसून, श्रेय कुणाचं यावर घासाघीस करत असतात. आणि मग बर्फ पडत असताना त्याच बागेतल्या झोपाळ्यावर बसून जुनं गाणं गुणगुणणारा वातानाबे दिसतो. यात कुठंही देव नाही. पण बघून झाल्यावर तुझ्या आजीला गोष्ट सांग, ती यातला कर्मयोग तुला उलगडून दाखवेल.

दुसरा, चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल', २०२० चा, नेटफ्लिक्सवर आहे. शास्त्रीय गाण्याच्या मागे आयुष्य लावलेला शरद नेरुळकर. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवत तो कानात एका थोर गायिकेची, माईंची, टेपवरची भाषणं ऐकत असतो. साधना कशी हवी, तप कसं हवं. माई पडद्यावर दिसत नाहीत, नुसता आवाज. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. आपल्या पुण्याच्या. सगळं ओतूनही आपण मोठे होणार नाही, हे एखाद्याला हळूहळू कळत जातं तेव्हा त्याच्याजवळ काय उरतं, हा या सिनेमाचा प्रश्न आहे. पंचविशीतल्या माणसाला तो टोचेल. टोचू दे.

तिसरं नाव फक्त एका प्रसंगासाठी देतो. किम की-दुकचा कोरियन सिनेमा, 'स्प्रिंग, समर, फॉल, विंटर अँड स्प्रिंग', २००३ चा. तळ्यात तरंगणारा मठ, एक म्हातारा भिक्खू आणि त्याचा बालशिष्य. पोरगं गंमत म्हणून मासा, बेडूक आणि साप यांना दोऱ्यानं दगड बांधतं. गुरू लपून बघतो, रागावत नाही. रात्री झोपलेल्या पोराच्या पाठीला तसाच दगड बांधतो आणि सकाळी म्हणतो, जा, तिघांना सोडवून ये. एकजण जरी मेला असला तरी हा दगड तू जन्मभर काळजात वागवशील. पुढचं तूच बघ. मधला भाग मोठ्यांसाठीचा आहे, चारजणांत लावू नकोस.

प्रश्न : माझी मुलं ९ आणि १२ वर्षांची. सुट्टीत त्यांना चांगले संस्कार देणारे सिनेमे दाखवायचे आहेत. पण उपदेश सुरू झाला की दोघं उठून जातात. — एक आई, धायरी

उत्तर : उठून जातात ते बरोबरच करतात. माजिद माजिदीच्या 'चिल्ड्रेन ऑफ हेवन'मधून (१९९७) उठून जाणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. तेहरानमधल्या गरीब घरातला अली. बहिणीचे दुरुस्तीला दिलेले बूट त्याच्याकडून हरवतात. घरी सांगायची सोय नाही, कारण वडिलांजवळ पैसे नाहीत हे मुलांना माहीत आहे. मग दोघं एकच जोड वापरतात. बहीण सकाळच्या शाळेतून धावत येते, बोळाच्या कोपऱ्यावर बूट बदलतात आणि अली धावत सुटतो. पुढे शाळांची शर्यत लागते. तिसऱ्या नंबराला बक्षीस आहे बुटांचा जोड. अलीला तिसरंच यायचंय. आणि तो पहिला येतो.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा सिनेमा दाखवला तेव्हा सगळे फोटो काढताहेत आणि अली मान खाली घालून रडतोय, तिथं दुसरीतली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "त्याला कुणीतरी विचारा ना, काय झालं ते!" शेवटी दमलेले, फोड आलेले पाय तो हौदाच्या पाण्यात सोडतो आणि लाल मासे पायांभोवती गोळा होतात. मुलांना त्याचा अर्थ सांगू नका. विचारलं तरी म्हणा, तुला काय वाटतं?

तो आवडला तर अब्बास किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' (१९८७) लावा. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, ती उद्यापर्यंत पोचली नाही तर गुरुजी त्याला शाळेतून काढतील, एवढ्या एका काळजीनं एक मुलगा शेजारच्या गावी पळत जातो. हा संथ आहे. नऊ वर्षांच्याला कंटाळा येईल, बाराच्याला नाही.

आणि 'श्यामची आई' मराठी घरात राहूनच कसा जाईल? आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं. तो मात्र तुम्ही मुलांबरोबर बसून बघा, लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. 'भरजरी गं पीतांबर दिला फाडून' या गाण्यातली गोष्ट आधी सांगून ठेवलीत तर बरं : कृष्णाचं बोट कापलं तेव्हा चिंधीसाठी सख्खी बहीण सुभद्रा शोधत बसली आणि द्रौपदीनं अंगावरचं भारी वस्त्र फाडलं. गोष्ट माहीत असली की त्या गाण्यात मुलं गप्प होतात.

प्रश्न : संतांच्या सिनेमांत चमत्कार असतात. ते दाखवून आपण पुढच्या पिढीला अंधश्रद्धेकडे लोटत नाही का? — एक निवृत्त शिक्षक, टिळक रोड

उत्तर : सर, तुमची काळजी रास्त आहे. पडद्यावरचा चमत्कार ही कॅमेऱ्याची करामत आहे, हे मुलांना सांगावंच. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण करून 'कालियामर्दन' केला, तेव्हापासून आपल्या सिनेमाला हा नाद आहे. पण संतपट म्हणजे केवळ चमत्कार नव्हे. १९३५ चा 'धर्मात्मा' घ्या. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याचा गाभा आहे तो नाथांनी अस्पृश्य मानलेल्या घरी जाऊन जेवण्याचा. सिनेमाचं मूळ नाव 'महात्मा' होतं, ते सेन्सॉरनं बदलायला लावलं. नाव ऐकून गांधीजी आठवत होते. इंग्रज सरकार चमत्काराला भ्यालेलं नव्हतं, त्या जेवणाला भ्यालेलं होतं, असं मी मानतो.

आणि वरच्या वर्गातल्या मुलांना 'देऊळ' दाखवा. उमेश कुलकर्णी, २०११. गुरं राखणाऱ्या केशाला उंबराखाली दत्ताचं दर्शन होतं. त्याचं दर्शन खरं असतं, त्याच्यापुरतं. गावात मात्र देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, गाडीतळ होतो आणि केशाला आपला देव सापडेनासा होतो. श्रद्धा आणि धंदा यांत फरक कुठं, हे वर्गात तासभर समजावून जितकं कळणार नाही तितकं केशाच्या चेहऱ्यावर दिसतं.

प्रश्न : मी विपश्यनेची शिबिरं केली आहेत. घरी आलं की आठवड्यात ते मौन विरून जातं. सिनेमात असं मौन कुठं मिळेल? — औंध

उत्तर : फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाचा 'इंटू ग्रेट सायलेन्स', २००५ चा. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात कार्थुशियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा एक जुना मठ आहे. त्यानं १९८४ मध्ये त्यांच्याकडे चित्रीकरणाची परवानगी मागितली. होकार आला सोळा वर्षांनी. मग तो एकटाच कॅमेरा घेऊन त्यांच्यात जाऊन राहिला. सोबत माणसं नाहीत, वेगळे दिवे नाहीत. निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही. लाकडं फोडणं, कापड कातरणं, ताटली धुणं, प्रार्थना, बर्फ. पावणेतीन तासांच्या आसपास आहे.

आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये मी हा जुलैत दाखवला. चाळीसेक माणसं आली होती. पहिल्या अर्ध्या तासात खुर्च्या करकरत होत्या, मोबाइल उजळत होते, बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. तासाभरानं सतरा जण उरले. त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की हॉलच्या पत्र्यावर पाऊस पडतोय आणि तो बराच वेळ पडत असला पाहिजे. सगळ्यांना तो एकदमच ऐकू आला असावा, कारण दोघातिघांनी माना वर केल्या.

तुम्ही ध्यान करता म्हणून माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. रिळाच्या मशीनमध्ये फिल्म सरकत असते तेव्हा शटर, म्हणजे दिव्यापुढची फिरती पात, उजेड अडवतं. प्रत्येक चित्र क्षणभर स्थिर उभं राहतं आणि दोन चित्रांच्या मधे पडदा काळा होतो. तो काळा वेळ मोजला तर जवळपास निम्मा भरतो. दोन तासांचा खेळ म्हणजे तासभर उजेड आणि तासभर अंधार, एकमेकांत इतका बारीक विणलेला की डोळ्याला शिवण दिसत नाही. केबिनमध्ये नवा असताना वस्तादांनी मला हे दाखवलं, तेव्हापासून मी पडद्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

हा सिनेमा सलग बघा. थांबवून चहा करायला उठलात तर तो त्या दिवशीपुरता गेला.

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे, संस्कृतचे शिक्षक होते. तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला ते ओळखत नाहीत, 'बाई' म्हणतात. भाऊ परदेशात. तो म्हणतो, कुठंतरी सोय कर, पैसे मी पाठवतो. सगळे म्हणतात, सेवा हीच भक्ती. मला मात्र चिडचिड होते, कधी हात धरून ओढते त्यांना, आणि रात्री झोप लागत नाही. मला धीर येईल असं काही सांगा. — सदाशिव पेठ

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा उठून फेरी मारून आलो. तुम्हाला 'अस्तु' हा सिनेमा सांगायचा, हे लगेच सुचलं होतं. पण सांगावा की नाही, यावर दोन दिवस घालवले. तो तुमच्या घराच्या फार जवळ जातो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ते यात चक्रपाणी शास्त्री झाले आहेत. संस्कृतचे विद्वान, आणि आता एकेक करून सगळं गळून गेलेलं. मोठी मुलगी इरा त्यांना सांभाळते. एके दिवशी ती त्यांना गाडीत बसवून पाच मिनिटांच्या कामाला जाते. रस्त्यावरून हत्ती जातो. शास्त्री लहान मुलासारखे दार उघडून त्याच्यामागे चालू लागतात आणि हरवतात. घरी दोन बहिणींत वाद होतो, कुणी किती केलं, कुणी केलं नाही. तुमच्या आणि भावाच्या फोनवर होतो तोच.

आणि तिकडे, हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते. अमृता सुभाष यांनी ती केलीय, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला शास्त्री कोण ते ठाऊक नाही. त्यांचे ग्रंथ, त्यांचा मान, ते आधी कसे होते, यातलं काहीच तिच्याजवळ नाही. म्हणून ती समोरच्या म्हाताऱ्याला आहे तसा बघू शकते. त्यांना तिच्यात आई दिसते. तिला त्याचं ओझं वाटत नाही, ती आई होते.

इराला हे इतकं सोपं नाही. तिच्या डोळ्यांसमोर आधीचे बाबा आहेत. ती रोज त्या बाबांना हाक मारते आणि रोज ओ देतो तो दुसराच कुणीतरी. ताई, तुमची चिडचिड प्रेम कमी असल्यामुळे होत नाही. तुम्ही जुन्या बाबांना अजून सोडलेलं नाही म्हणून होते. माझी आई शेवटची दोन वर्षं मला तिचा धाकटा भाऊ समजायची. मी रोज सांगायचो, आई, मी तुझा मुलगा. ती घाबरायची. एके दिवशी कंटाळून मी म्हटलं, हो गं अक्का, मीच आलोय. ती इतकी खुलली की त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली. 'अस्तु' मी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी पाहिला, आणि त्या पोळ्या आठवून अंधारात रडलो.

सिनेमा बाबांसोबत बघू नका आणि एकट्यानंही बघू नका. हात धरून ओढते असं लिहिलंत, ते मला लिहिलंत तसंच बाबांच्या डॉक्टरांनाही सांगा. आठवड्यातून एक दुपार तरी बाबांजवळ दुसरं कुणी बसेल, एवढी व्यवस्था करा. भाऊ पैसे पाठवायला तयार आहे ना, त्याला म्हणा, पहिले पैसे या दुपारींसाठी पाठव.

आणि भावाला 'अस्तु'बद्दल आत्ता काही सांगू नका. तो सुट्टीवर येईल तेव्हा दोघं शेजारी बसून बघा, त्याच्या पहिल्या दोन दिवसांत, पाहुणे यायला लागण्याच्या आधी. आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये यायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. तुम्ही याल त्या रविवारी मी हाच सिनेमा लावीन आणि दाराजवळच्या दोन खुर्च्या राखून ठेवीन, म्हणजे मधेच घरून फोन आला तर तुम्हाला कुणाचे पाय न तुडवता बाहेर जाता येईल.